ब्लात आणि बादली

लुंका मोरी गावात शिरलं की डाव्या हाताचं तिसरं घर रेमुस हांगानूचं. फाटकावर हिरव्या रंगात पाटी: 'इथे ब्लात मिळतील. लग्न, बारसं, वाढदिवस. दोन दिवस आधी सांगावे.'

परगावचा माणूस पाटी वाचून सरळ पुढे जाई. केकचे भाजलेले थर, ज्यांच्यामध्ये मलई भरतात, त्यांना ब्लात म्हणतात. त्यात थांबण्यासारखं काय आहे? गावचा माणूस मात्र थांबे आणि फिस्सकन हसे. कारण फुटबॉलवाल्यांच्या भाषेत ब्लात म्हणजे आधी ठरवून खेळलेला सामना. तुमचंही भागू दे, आमचंही भागू दे, शिट्टी होईपर्यंत दोघंही घाम गाळल्याचं सोंग करू. आणि रेमुस हांगानूला अख्खं गाव एकोणीस वर्षं 'ब्लात' म्हणत आलं होतं. अगदी तोंडावर नाही, अगदी पाठीमागेही नाही. कानाच्या बाजूने.

पाटी लावली ती त्याच्या बायकोने. पावाच्या दुकानात रांगेत उभी असताना दुकानदाराने दात काढत विचारलं, "काय गं आउरिका, तुमच्या घरात ब्लात कोण लावतं? तू की तो?"

"मीच," आउरिका म्हणाली. "त्याला साधं अंडं उकडता येत नाही, तो सामना काय शिजवणार!"

रांग खो खो हसली. ती पाव घेऊन घरी आली, दार लावून पाच मिनिटं रडली, आणि मग कुंपणाचा उरलेला हिरवा रंग शोधून काढला.

रेमुस म्हणजे कापड गिरणीतल्या फिटरचा मुलगा. पाय एवढे लांब की शाळेत बाकाखाली मावत नसत, म्हणून मास्तर त्याला कडेला बसवायचे. चेंडूची वाट बघताना एका पायावर उभं राहायची त्याला खोड होती. त्यावरून नाव पडलं करकोचा. त्या काळी गिरणीचा स्वतःचा संघ होता, विणकर. रविवारी गिरणीतल्या पोरी सूर्यफुलाच्या बियांचे पुडे घेऊन मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर बसायच्या, आणि करकोच्याने डोकं मारून गोल केला की टरफलं अशी उधळली जात की सोमवारी झाडूवाला रेमुसच्या नावाने बोटं मोडी.

चोविसाव्या वर्षी त्याने एका हंगामात बावीस गोल केले. मोठ्या शहरातल्या क्लबचा एक टोपीवाला गृहस्थ लागोपाठ तीन रविवार येऊन बसला. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "पुढच्या वेळी सामना संपला की सही करू. बॅग भरूनच ये."

पुढच्या वेळी म्हणजे १९९६च्या जूनमधला शेवटचा सामना. विणकर जिंकले तर वरच्या विभागात जाणार होते, आणि समोरच्यांना खालच्या विभागात बुडण्यापासून वाचायला एकच गुण पुरत होता. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली, गोल नाही. मग समोरच्यांच्या एका दांडगटाने करकोच्याचे ते लांब पाय खालून कापले, आणि पेनल्टी.

चेंडू रेमुसने स्वतः ठेवला. चार पावलं मागे गेला. धाव घेतली आणि डोकं वर केलं.

गोलच्या मागे मैदानाचं कुंपण, आणि कुंपणाला लागून तांती वेताचं घर. तांती म्हणजे मावशी. ती सख्खी कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. तिच्या विहिरीचं पाणी कडू, त्यामुळे टोमॅटोला घालायचं पाणी ती मैदानाच्या कोपऱ्यातल्या हातपंपावरून न्यायची. पेनल्टीच्या वेळी फळ्यांवर चिडीचूप झालं, तेव्हा तिला वाटलं, संपला वाटतं यांचा सामना. फाटक ढकलून ती बाहेर आली आणि गोलच्या बरोबर मागून पंपाकडे निघाली. हातात बादली. रिकामी.

आता लुंका मोरीत जन्मलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. बाई भरली बादली घेऊन समोर आली की काम फत्ते. रिकामी घेऊन आली की घरी जा, पाय धू, उद्या बघू. म्हणून तर शहाण्या बायका तळाला घोटभर पाणी ठेवूनच उंबरठा ओलांडतात. तांती वेताची बादली इतकी रिकामी होती की तिची कडी पावलागणिक खणखणत होती.

रेमुसने ती पाहिली, पण पाय थांबायला तयार नव्हते. नजर बादलीवर असतानाच त्याने मारलं. चेंडू गोलवरून गेला, कुंपणावरून गेला, आणि टोमॅटोत जाऊन पडला.

सामना शून्य-शून्य सुटला. टोपीवाला सही न घेताच गाडीत बसला. आणि मैदानातून बाहेर पडता पडता 'किती घेतले रे?' म्हणत कोणीतरी तो शब्द उच्चारला.

रेमुसला एकच वाक्य बोलायचं होतं: 'समोर रिकामी बादली आली.' गावात याच्याइतकं पटणारं दुसरं कारण नव्हतं. पाद्रीबाबासुद्धा मान डोलावून म्हणाले असते, 'असं होय, मग बरोबर आहे.' पण लोक चवताळले होते. कोणावर तरी तुटून पडल्याशिवाय त्यांना जेवण जाणार नव्हतं. तांती वेताचा नवरा त्याच हिवाळ्यात गेलेला. एकटी बाई, पत्र्याचं छप्पर, काचेच्या दोन खिडक्या आणि टोमॅटोचे चार वाफे. रेमुसने ते वाक्य गिळलं. सांगितलं फक्त आउरिकाला. त्यांच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

"गिळलंस ना? मग आता ओकू नकोस," ती म्हणाली. "बॅग भरलेलीच आहे. चल कुठेतरी."

मग तो कुठे कुठे खेळला. डॅन्यूबकाठच्या बंदरात, जिथे धुक्यात स्वतःचा गोलकीपर दिसत नसे. खाणीच्या गावात, जिथे पांढरी जर्सी मध्यंतरापर्यंत करडी होई. साखर कारखान्याच्या संघात, जिथे गोलामागे अर्धं पोतं साखर मिळे. रेमुसने तिथे इतके गोल केले की एवढ्या साखरेचं करायचं काय म्हणून आउरिका केक करू लागली. पण पेनल्टी मिळाली की तो पाठ फिरवून मध्यरेषेकडे चालू लागायचा. मारणं सोडा, बघायचाही नाही. आणि कुठल्याही गावात तो पोचायच्या आधी तो शब्द पोचलेला असायचा. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी डोळा मिचकावून विचारणारच, "काय हो, तुम्ही तेच का?" चौतिसाव्या वर्षी गुडघा म्हणाला, पुरे. मग त्याने प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सरावाचे शंकू मांडले आणि उचलले.

लुंका मोरीत तोवर गिरणी बंद पडली होती. विणकर घसरत घसरत जिल्ह्याच्या लीगमध्ये आले होते, आणि तिथेही तळाला. शेवटचा प्रशिक्षक एका सोमवारी शिट्टी खुंटीला अडकवून इटलीला निघून गेला, स्ट्रॉबेरी तोडायला. तेव्हा नगराध्यक्ष च्युबोतारूंचा फोन आला. हे गृहस्थ नाकातून बोलत आणि 'म्हणजे कसंय' म्हटल्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येत नसे. बायकोला लग्नाचं विचारलं तेही म्हणे असंच: "म्हणजे कसंय, आपण दोघं..."

"म्हणजे कसंय रेमुस, लोक बोलतात ते बोलतात. पण म्हणजे कसंय, दुसरं कोणी यायला तयार नाही."

"हे आमंत्रण आहे की शिक्षा, अध्यक्षसाहेब?"

"म्हणजे कसंय... दोन्ही."

तो आला. वयाने मोठ्या माणसाच्या नावामागे गावात 'नेआ' लावतात, आपण दादा म्हणतो तसं. बेचाळिशीच्या रेमुसला ते कोणी लावलं नाही. मैदानावर पोरं तेवढी त्याला मिस्टर म्हणू लागली, कारण प्रशिक्षकाला मिस्टर म्हणायची रीतच आहे. घरी मात्र त्याला मिस्टर म्हणणारं कोणी नव्हतं. घरी तो 'अरे लांब्या' होता.

मिस्टरला दोन वेडं होती. एक वाऱ्याच्या झोताचं. खोलीचं दार आणि खिडकी एकाच वेळी उघडी दिसली की तो आग लागल्यासारखा धावायचा. "लावा! लावा ती! मान धरेल, कंबर धरेल, मग बसा आजीच्या चुलीपाशी!" जूनच्या उकाड्यात ती सगळी पोरं बंद खोलीत कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्यासारखी शिजत बसायची.

दुसरं वेड कोणाला कळत नव्हतं. घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याआधी तो तांती वेताच्या दोन्ही बादल्या पंपावर भरून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. स्वतः. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

तांती वेता आता ऐंशीची झाली होती. कानाने कमी, म्हणून तोंडाने जास्त.

"ए करकोच्या! माझे टोमॅटो चेचलेस त्याची भरपाई का ही?"

"हो, तांती."

"काय?"

"हो म्हटलं!"

"मग काठोकाठ भर की! अर्धी भरून म्हातारीला फसवतोस!"

१९९६चा तो चेंडू तिने परत दिला नव्हता. मधोमध कापून त्याच्या दोन वाट्या केल्या होत्या. त्यातून कोंबड्या पाणी पीत. रेमुस बादल्या ठेवायचा, त्या वाट्यांकडे एकदा बघायचा आणि निघून यायचा.

संघात नऊ नंबरची जर्सी होती युस्तिनची. वय एकोणीस, त्या पेनल्टीच्याच वर्षी जन्मलेला. पाय वाऱ्यासारखे आणि जीभ त्याहून वेगवान. मिस्टरची नक्कल तर अशी करायचा की डोळे मिटले तर फरक कळू नये. एकदा सरावानंतर तो बाकावर चढला, एका पायावर उभा राहिला, मान खांद्यात ओढली आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाला:

"ऐका आता, पोरांनो! खिडकी लावा! दार लावा! आणि जमलं तर ब्लातही लावा!"

पोरं गडाबडा लोळली आणि मग एकदम गप्प झाली. दारात मिस्टर उभा होता.

"आवाज अजून खालून काढ," रेमुस म्हणाला. "माझा छातीतून येतो. तू नाकातून काढलास, ते अध्यक्ष झाले." मग जाता जाता वळून म्हणाला, "आणि तू जोरात मारायला जातोस तेव्हा डोकं मागे फेकतोस. तेही बघ जरा."

त्या दिवशी युस्तिन त्याच्या मागे फाटकापर्यंत आला.

"मिस्टर, खरं सांगा. मुद्दाम मारलीत का तुम्ही ती?"

"नाही."

"मग गोलवरून कशी गेली?"

रेमुस बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. "गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे वर गेली."

युस्तिनने परत येऊन बाकीच्यांना सांगितलं, "सांगत नाही. म्हणजे आहेच काहीतरी."

तरी पोरं खेळत होती. खेळायला शिकवणाऱ्यावर विश्वास नसला तरी शिकवलेलं पायात उतरतंच. विणकर तळातून मध्यावर आले, मध्यावरून वर सरकले, आणि शेवटच्या रविवारच्या आधी सगळ्यांच्या डोक्यावर बसले. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, शेजारच्या कोर्बेश्तीशी. आणि इथेच नशिबाने दात विचकले. विणकरांना वरच्या विभागात जायला एक गुण हवा होता. कोर्बेश्तीला बुडण्यापासून वाचायला एक गुण हवा होता. त्या आठवड्यात 'कोण जिंकेल' असं गावात कोणी विचारलंच नाही. सगळे विचारत होते, "एक-एक की शून्य-शून्य?"

शनिवारी आउरिका अंड्यातलं पिवळं वेगळं करत बसली होती. रेमुस खिडकी लावून तिच्या समोर बसला.

"उद्या बरोबरी सुटली आणि पुन्हा तो शब्द ऐकला, तर मी हे गाव सोडणार," तो म्हणाला. "वर गेलो तरी."

"आणि माझी भट्टी?"

"भट्टीही नेऊ."

"मागच्या वेळी बॅग भरलेली होती म्हणून आले," आउरिका म्हणाली. "या वेळी नऊ लग्नांचे केक माझ्या डोक्यावर आहेत. तेव्हा तू जिंकूनच ये कसा."

रविवारी सामना पाचला. चारला रेमुस बादल्या भरायला निघाला, तर वाटेत नगराध्यक्षांनी बाही पकडली.

"म्हणजे कसंय, कोर्बेश्तीवाले शेजारी आहेत. त्यांचे अध्यक्ष माझ्या मेव्हण्याचे साडू. आपल्याला एक पुरतो, त्यांना एक पुरतो. मी काहीच सांगत नाहीये हं."

"मग मीही काहीच ऐकत नाहीये."

"म्हणजे कसंय, पोरांना उगाच दमवू नकोस. ऊन आहे."

"पोरं दमणार, अध्यक्षसाहेब."

"म्हणजे कसंय..."

हे 'म्हणजे कसंय' पाऊण तास चाललं, तेव्हा कुठे बाही सुटली. रेफरी खेळाडूंची यादी मागत होता. रेमुस धावत खोलीकडे गेला, आणि तांती वेताच्या दोन्ही बादल्या ओट्यावर उपड्याच राहिल्या.

खोलीत त्याने आधी खिडकी लावली. "ऐका आता. तुम्हाला वाटतंय मी बरोबरी मागणार. मी तीन फॉरवर्ड खेळवतोय."

"तीन?" युस्तिनने मान वर केली.

"मोजता येतं ना? तीन."

कोर्ब म्हणजे डोमकावळा, म्हणून कोर्बेश्तीची पोरं मैदानात आली तशी फळ्यांवरून काव काव सुरू झाली. कावळ्यांनी विसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून गोल करून सगळ्यांची तोंडं बंद केली. मध्यंतरानंतर युस्तिनने डोकं मारून बरोबरी साधली, अगदी करकोच्यासारखी. एक-एक. आणि मग मैदान सैलावलं. लोकांनी बियांचे नवे पुडे फोडले. कोणीतरी ओरडलं, "झालं रे बाबांनो, बसा आता खाली!" मागच्या फळीवर टाळ्यांच्या ठेक्यात सुरू झालं: "ब्ला-त! ब्ला-त! ब्ला-त!"

रेमुसने ऐकलं. त्याने एक बचावपटू बाहेर काढला आणि चौथा फॉरवर्ड आत सोडला.

"रेमुस!" कोर्बेश्तीचा प्रशिक्षक पलीकडच्या बाकावरून ओरडला. "अरे कुठे निघालास? दोघांचं भागतंय की इथे!"

"पाय मोकळे करतोय!"

"म्हणजे कसंय," नगराध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, "हा माणूस वेडा आहे."

पंच्याऐंशीव्या मिनिटाला युस्तिन दोघांच्या मधून निसटला आणि तिसऱ्याने त्याला आडवा केला. शिट्टी. पेनल्टी.

टाळ्या थांबल्या. युस्तिनने चेंडू ठेवला आणि पहिल्यांदाच, नक्कल करण्यासाठी नाही तर नुसतंच, मिस्टरकडे पाहिलं. पोरगा असा बघत असताना रेमुसला पाठ फिरवता येईना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो पेनल्टीकडे तोंड करून उभा राहिला.

म्हणूनच त्याला फाटक दिसलं. कुईं करून उघडलं. तांती वेताला ऐकू कमी येई, पण आरडाओरडा थांबला की तेवढं कळे. संपला वाटतं यांचा सामना. टोमॅटो माना टाकून बसले होते आणि मेला करकोचा आज फिरकला नव्हता. ती गोलच्या मागे निघाली. हातात बादली. कडी खणखणत होती.

युस्तिन खाली बघत बुटाचं टोक मातीत घासत होता. अजून मान वर केली नव्हती.

बाकाखाली संघाची बादली असते, कोणी पडलं की पाणी मारायला. रेमुसने ती उचलली आणि धावत सुटला. लांब पाय, दुखरा गुडघा, बादलीतून दोन्ही बाजूंना उडणारं पाणी. मैदानाच्या कडेने, कोपऱ्यातल्या झेंड्याला वळसा घालून, तो थेट गोलच्या मागे पोचला. रेफरी शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. "अहो! अहो मिस्टर! कुठे चाललात?"

"तांती, थांबा!"

"काय?"

"बादली धरा पुढे!"

"आत्ता आठवलं होय रे तुला!"

रेमुसने आपली बादली तिच्या बादलीत उपडी केली, स्पंजासकट. पाणी काठाला टेकलं. मग त्याने म्हातारीला दोन्ही खांद्यांनी धरून मैदानाकडे तोंड करून उभी केली. "आता इथेच थांबा. हलू नका."

सगळं मैदान बघत होतं. काय चाललंय हे दोन क्षण कोणालाच कळेना, आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं. कारण रिकामी बादली म्हणजे काय, हे त्या फळ्यांवर कोणाला माहीत नव्हतं? पहिल्या ओळीत पावाचा दुकानदार बसला होता. त्याच्या हातातला पुडा सुटला.

"त्या वेळीसुद्धा," तो म्हणाला, "त्या वेळीसुद्धा ही फाटकातून आली होती. मी पाहिली होती. अरे देवा. बादली."

'बादली', 'बादली', 'बादली' करत तो शब्द फळ्यांवरून वरपर्यंत चढला. रेफरीने येऊन लाल कार्ड दाखवलं. रेमुसने मान डोलावली आणि तो कुंपणापलीकडे, तांती वेताच्या वाफ्यांत जाऊन उभा राहिला.

"लोक माझ्याकडे का बघतायत रे?" तिने विचारलं.

आता लपवून काही उपयोग नव्हता. त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते एक वाक्य, जे त्याने गिळलं होतं.

"माझी बादली?" तांती वेता एवढ्या मोठ्याने म्हणाली की कोर्बेश्तीच्या गोलकीपरने मागे वळून पाहिलं. "आणि तू इतकी वर्षं बोलला नाहीस, गाढवा?"

"तुमच्या काचा फोडल्या असत्या लोकांनी."

तिने वळून आपल्या दोन खिडक्यांकडे पाहिलं. "मग फोडू द्यायच्या. काच दुकानात मिळते."

युस्तिनने मान वर केली. गोलच्या मागे ऐंशी वर्षांची म्हातारी काठोकाठ भरलेली बादली घेऊन पुतळ्यासारखी उभी होती. याहून चांगला शकुन कोणत्या फॉरवर्डला मिळाला असेल? तो धावला, सगळा जोर काढून मारला.

चेंडू गोलवरून गेला, म्हातारीवरून गेला, कुंपणावरून गेला, आणि टोमॅटोत पडला.

मग तांती वेताने बादलीत वाकून पाहिलं.

"भरलेली होती!" ती किंचाळली. "बघा सगळ्यांनी! काठोकाठ भरलेली होती! माझा काही दोष नाही!"

असं हसू त्या मैदानाने गिरणी चालू असतानाही ऐकलं नव्हतं. कावळे हसले, विणकर हसले, रेफरीने तोंडावर हात धरला. युस्तिन तेवढा जर्सीत तोंड खुपसून बसला होता.

"युस्तिन!" कुंपणामागून आवाज आला. "डोकं मागे गेलं!"

"कळलं, मिस्टर!"

"मग ऊठ! पाच मिनिटं आहेत अजून!"

पाच मिनिटांत कोणाचाच गोल झाला नाही. सामना एक-एक सुटला. विणकर वर गेले, कोर्बेश्ती वाचलं, आणि नगराध्यक्ष ज्याला त्याला सांगत सुटले, "म्हणजे कसंय, मी म्हटलंच होतं." कोणी ऐकत नव्हतं. पलीकडून एका कोर्बेश्तीवाल्याने 'ब्ला...' एवढं म्हटलं, तर पावाचा दुकानदार त्याच्यावर धावून गेला. "ब्लात करणारा माणूस पेनल्टी आत जावी म्हणून बादली घेऊन पळतो का रे, डोमकावळ्या?"

युस्तिन चेंडू आणायला वाफ्यांत शिरला. तांती वेताने चेंडू एप्रनला पुसून त्याच्या हातात दिला. "हा घेऊन जा. वाट्या आहेत माझ्याकडे."

युस्तिन चेंडू काखेत घेऊन मिस्टरसमोर उभा राहिला. नक्कल करायला तोंड उघडलं, पण त्याला स्वतःचाच आवाज सापडला.

"मिस्टर, 'गेली' म्हणजे काय ते कळलं."

"काय?"

"वर गेली."

सोमवारी सकाळी रेमुस पाव आणायला गेला. रांगेत कुजबुज झाली, कोणीतरी खोकलं. त्याने नेहमीप्रमाणे कान बंद करून घेतले. दुकानदाराने मात्र थेट तोंडावर हाक मारली.

"या या, नेआ बादली! किती देऊ?"

रांग हसली. रेमुसने दोन पाव मागितले आणि तीन घेऊन घरी आला. आउरिका पीठ चाळत होती.

"मला बादली म्हणाले," तो म्हणाला.

तिने चाळणी थांबवली. "नुसतं बादली?"

"नेआ बादली."

"नेआ लावलं?"

"लावलं."

आत जाऊन तिने दोन कोऱ्या बादल्या आणल्या, नऊ लग्नांच्या मलईसाठी घेतलेल्या, आणि त्याच्या हातात दिल्या. "जा, म्हातारीला देऊन ये. तिच्या जुन्यांची कडी फार वाजते. आणि भरून दे. आता टोमॅटोसाठीच."

करकोचा दोन्ही हातांत एकेक बादली झुलवत भर रस्त्याने निघाला. समोरून दूधवाली येत होती. ती छातीवर क्रूसाची खूण करत बाजूच्या अंगणात पळाली. तिच्यामागून येणारे दोघे हसत हसत कुंपणावरून आत उडाले. कोणाचं तरी कुत्रंसुद्धा वळलं.

"अरे लांब्या!" आउरिका फाटकातून ओरडली, हिरव्या पाटीवर पिठाचे हात टेकून. "तळाला घोटभर पाणी तरी घाल की!"